कप्तानाचं नाव

मित्रांनो, मी एक जुना टेलिप्रिंटर आहे, असं सांगितलं की आजची मुलं आधी माझा पडदा शोधतात. पुढून बघतात, मागून डोकावतात आणि विचारतात, "याचं चित्र कुठे दिसतं?" मला पडदा नाही. कधीच नव्हता. मला कळा आहेत, शाईची फीत आहे, पाठीवर कागदाचा रोल आहे आणि एक घंटी आहे. कुणी कळ दाबली की मी ते अक्षर कागदावर ठोकतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या संगणकाने उत्तर पाठवलं की तेही ठोकतो. कळ कुणाच्या बोटाने दाबली, हे माझ्या कागदावर उमटत नाही. आणि एकदा ठोकलेलं अक्षर मला परत घेता येत नाही. पडद्यावरचं पुसतं, माझं पुसत नाही. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते या दोन गोष्टींमुळे घडलं, म्हणून त्या आधीच सांगून ठेवल्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर माझ्यासारखेच कितीतरी सांगाडे ओळीने ठेवलेले होते. एकाने मोटर बसवली, दुसऱ्याने दांड्या जुळवल्या, तिसरीने स्प्रिंगा ताणून पाहिल्या. शेवटी एक तपासनीस आला. त्याने सगळी अक्षरं एकापाठोपाठ दाबली, मी ती कागदावर उठवली आणि ओळ संपताना माझी घंटी वाजली. त्याने मान डोलावली आणि माझ्या पोटावर शिक्का मारला. मित्रांनो, खरं सांगतो, इतकी विनाअट शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मला पाणीपुरवठा खात्यात पाठवण्यात आलं. तिथे काचेच्या भिंतीपलीकडे, गारठवलेल्या खोलीत, संगणक होता. तो कपाटांच्या रांगेएवढा मोठा. मी अलीकडच्या खोलीत, कारण माझा खडखडाट साहेबांना सोसायचा नाही. खोलीत दोन टेबलं, काच घातलेली. एक खिडकी, खालच्या तावदानांना पांढरा रंग लावलेली. आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. शहराला पाणी पुरवणाऱ्या खोलीतला माठ नेहमी रिकामा असायचा. यावर रोज कुणी ना कुणी विनोद करायचं, पण माठ कुणी भरायचं नाही.

माझी निगा एक दुरुस्तीवाले ठेवत. सगळे त्यांना तेलकाका म्हणत. ते येत, माझं झाकण उघडत, बारीक नळीने सांध्यांत थेंब थेंब तेल सोडत आणि आतल्या कागदाच्या कपच्या फुंकरीने उडवत. "याला पोटभर तेल द्या, तुमच्याआधी निवृत्त होणार नाही," असं ते म्हणायचे. पुढे ते चुकीचं ठरलं.

माझ्यावर काम करायच्या दोन बहिणी. अख्खा विभाग त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. थोरली आधी नोकरीला लागली, मग तिने साहेबांकडे शब्द टाकून धाकटीला आणलं. घरी आजारी आई होती आणि दोघींच्या पगारावर घर चालत होतं. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. गावातल्या टाक्यांमध्ये किती पाणी आहे त्याचे आकडे चिठ्ठीवर यायचे. ते माझ्यावर टाइप करायचे. संगणक हिशेब करायचा आणि कुठला पंप केव्हा चालू, केव्हा बंद, याचा हुकूम माझ्यावर छापून यायचा. तो फाडून पंपघराला कळवायचा. सकाळी एकदा, दुपारी जेवणाची सुट्टी संपताच एकदा, संध्याकाळी एकदा.

थोरलीला वेळेचं भारी वेड. विभागातले लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नसत, ती जागेवर बसली की आपापली घड्याळं लावत. धाकटी नेमकी उलट. ती यायची तीच धावत, आणि बसता बसता माझ्या झाकणावर पर्स आपटायची. पण तिची बोटं! अशी सरसर चालायची की मला दम लागायचा. थोरली एकेक कळ तोलून दाबायची, जणू कळ परत द्यायची आहे.

एके दिवशी साहेब एक मासिक घेऊन आले. त्यात एका खेळाचा प्रोग्राम छापला होता, ओळींमागून ओळी. "हा उतरवून घ्या गं पोरींनो," ते म्हणाले. "परगावचे पाहुणे येतायत. आपला संगणक नुसते पंप चालवत नाही, अवकाशात नौकाही चालवतो, हे कळू दे त्यांना." दोघी बहिणींनी आळीपाळीने वाचून आणि टाइप करून तो उतरवला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. खेळ आणला साहेबांनी.

खेळ असा होता. अवकाशाचे चौकोन पाडलेले. तुम्ही एका नौकेचे कप्तान. शत्रूच्या नौका कुठल्या तरी चौकोनांत दडलेल्या. ठरलेल्या मुदतीत त्या शोधायच्या आणि पाडायच्या. शक्तीचा साठा बेताचा. पुढे सरकलं की शक्ती जाते, कवच उभारलं की जाते, मारा केला की जाते. संपत आली की आपला तळ गाठायचा, त्याला खेटून उभं राहायचं आणि साठा भरून घ्यायचा. चित्रं नाहीत, रंग नाहीत. मी ठिपक्यांचा नकाशा छापायचो. त्यात चांदणीची खूण म्हणजे तारा, एक अक्षर म्हणजे आपली नौका, दुसरं म्हणजे शत्रू, तिसरं म्हणजे तळ. माझ्याकडे नुसती मोठी रोमन अक्षरं होती, तुमच्यासाठी सगळं मराठीत सांगतो. हुकूम दिला की काचेपलीकडचा संगणक थोडा वेळ विचार करायचा. तेवढा वेळ मी गप्प. त्या गप्प राहण्यात माझ्याभोवती उभी असलेली माणसं श्वास रोखून धरत. मग मी खडखडू लागायचो आणि कुणी तरी ओरडायचं, "पाडली!" नाहीतर, "मेलो!"

टॉर्पेडो नावाचं अस्त्र शत्रूवर सोडताना दिशा आकड्याने सांगावी लागे. एक म्हणजे उजवीकडे. तिथून आकडे घड्याळाच्या उलट वाढत जायचे. तीन म्हणजे वर, पाच म्हणजे डावीकडे, सात म्हणजे खाली. धाकटीला हे पहिल्याच दिवशी पाठ झालं. थोरली मात्र टेबलाच्या काचेवर बोटाने वर्तुळ काढायची आणि हटकून घड्याळासारखं काढायची.

"ताई, उलट!" धाकटी मागून ओरडायची. "घड्याळाला इथे कोण विचारतं?"

"ओरडू नकोस. मी बघतेय."

"बघत बसलीस तर तुझाच तळ उडवशील एक दिवस."

हेही खेळात होतं. नेम चुकून आपल्याच तळाला टॉर्पेडो लागला की खेळ तिथेच संपायचा. त्याचा एक ठरलेला मजकूर होता, तो पुढे येईल.

खेळ सुरू होताना संगणक पहिला प्रश्न विचारायचा: कप्तानाचं नाव? पहिल्या दिवशी धाकटी पाहुण्यांसमोर खेळली, बेधडक मारा करत सुटली आणि शक्ती संपून अडकली. मी छापलं, 'कप्तान धाकटी, आपली नौका नष्ट झाली आहे.' साहेबांनी हसत हसत तो कागद फाडला आणि सूचनाफलकावर टाचला. येणारे-जाणारे वाचून हसायचे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी खेळायला बसली आणि नावाच्या जागी तिने टाइप केलं, थोरली.

"अगं, हे काय?"

"आता हरले तर तू हरलीस. लाव फलकावर."

पुढच्या वेळी थोरलीने धाकटीचं नाव घातलं. तेव्हापासून दोघींमध्ये हा रिवाजच पडला. खेळायचं आपण, नाव दुसरीचं. हरलं की दुसरीची फजिती, आणि जिंकलं की दोघी एका सुरात म्हणायच्या, "मी जिंकले!" हा रिवाज त्या दोघींना ठाऊक होता आणि मला. तिसऱ्या कुणाला कधी सांगायची वेळ आली नाही.

ते दिवस चांगले होते. साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणायचे आणि माझ्या झाकणावर थोपटायचे. ते स्वतःही खेळायचे, आणि हरले की म्हणायचे, "कागद फाडून टाक गं, माझा फलकावर नको." तेलकाका म्हणायचे, "एवढं पाणी उपसून तुमचं भागत नाही, आता याला अवकाशात पाठवताय. तिकडे तेल कोण घालणार?" मी खडखडत होतो. मला वाटायचं, मी त्यांच्यातलाच एक आहे.

मग तो दिवस आला.

जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीचे लोक डबे घेऊन खाली गेले. धाकटी आईचं औषध आणायला निघाली. जाताना म्हणाली, "ताई, माझ्या नावाची वाट लावू नकोस."

"लावणारच. आणि रेंगाळू नकोस, दुपारचे आकडे आहेत."

"तू आहेस ना. तू असताना सूर्याला उशीर होईल, आकड्यांना नाही."

थोरलीने खेळ सुरू केला, नाव घातलं धाकटी, आणि त्या दिवशी तिला कधी नव्हे तो सूर सापडला. एकेक शत्रू पडत गेला. शिपाई येऊन, कोण बसलंय हे मान वर करून न बघताच, आकड्यांची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवून गेला. तिने ती पाहिली. घड्याळाकडेही पाहिलं. मग नकाशाकडे पाहिलं. नौका शत्रूंच्या मध्ये सापडली होती आणि खेळ मध्येच थांबवायची सोय नव्हती. "एवढं एकच," ती पुटपुटली. मग पुन्हा म्हणाली, "एवढं एकच." जन्मभर वेळ पाळणाऱ्या माणसाला उशीर कसा करायचा हे ठाऊक नसतं, त्यामुळे एकदा झाला की तो थांबतच नाही.

वरच्या वस्तीतली टाकी तेव्हा काठोकाठ भरली होती. पंप बंद करायचा हुकूम निघालाच नाही, कारण आकडे अजून काचेखाली होते. टाकीतून पाणी वाहू लागलं आणि उतारावरून खालच्या रस्त्यावर आलं. तिथे एका बाइंडरचं दुकान होतं. शाळांची पुस्तकं तो बांधून देत असे. सगळे गठ्ठे जमिनीवर रचलेले. पाणी दारातून आत गेलं.

हे मला नंतर कळलं, कारण तो बाइंडर स्वतः आमच्या खोलीत आला. त्याच्या हातात एक फुगलेलं पुस्तक होतं, उशीएवढं. साहेबांसमोर टेबलावर ते ठेवून तो म्हणाला, "हे तुमचं पाणी. पिऊन बघा." आणि निघून गेला. मागोमाग बातमीदार आला. त्याच्यापाठोपाठ वरच्या कार्यालयातून विचारणा आली. कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं.

साहेब माझ्यापाशी आले. दुपारचा हुकूम केव्हा निघाला ते पाहण्यासाठी त्यांनी माझा कागद मागे ओढला. सकाळचे आकडे, त्याखाली सकाळचा हुकूम, आणि मग ठिपक्यांचे नकाशे, एकाखाली एक, पार जमिनीपर्यंत. सुरुवातीलाच ठळक छापलेलं, कप्तान धाकटी.

धाकटी तेवढ्यात आत आली. जवळच्या दुकानात औषध मिळालं नाही आणि लांबच्या दुकानात मोठी रांग होती, म्हणून तिला एवढा उशीर झाला होता. हातातली पुडी तिने नेहमीसारखी माझ्या झाकणावर ठेवली. मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले.

"खेळत होतीस?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मी इथे नव्हतेच. औषध आणायला गेले होते."

"सुट्टी संपून गेली तरी?"

"रांग होती."

"आणि हे?" त्यांनी कागद तिच्यासमोर धरला.

तिने वाचलं. आधी तिला हसू आलं. मला आठवतं, खरंच हसू आलं. कारण तिला वाटलं की हे सांगितलं की संपेल. "अहो, आम्ही एकमेकींच्या नावाने खेळतो," ती म्हणाली. "ती गंमत आहे आमची. माझं नाव असलं म्हणजे मी नसते."

"वा! म्हणजे चोरी आपण करायची आणि पाटी शेजाऱ्याच्या दाराची?" साहेब म्हणाले. "मला शिकवू नकोस. हे फलकावर मीच टाचलं होतं ना, तुझ्या नावाचं? तेव्हा कोण खेळत होतं?"

"तेव्हा मीच. पण तेव्हा..." ती थांबली. मग वळून म्हणाली, "ताई, तू सांग ना."

सगळे थोरलीकडे बघू लागले. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. आकड्यांची चिठ्ठी अजून तिच्या हातात होती, चुरगळलेली. साहेब म्हणाले, "बहीण आहे म्हणून पाठीशी घालू नकोस. काय ते खरं सांग. खेळत कोण होतं?"

मी गप्प होतो, संगणक विचार करत असताना असायचो तसाच. थोरलीने माझ्या कागदाकडे पाहिलं, बहिणीकडे नाही. आणि म्हणाली, "नाव छापलंय ना, साहेब."

मित्रांनो, शब्द न् शब्द खरा होता. नाव छापलं होतं. मीच छापलं होतं. माझी साक्ष काढण्यात आली आणि मला कुणी एक अवाक्षर विचारलं नाही.

धाकटी ताईकडे पाठ करून वळली. मग तिने पर्स उचलली आणि गेली. औषधाची पुडी माझ्या झाकणावरच राहिली. ती संध्याकाळी थोरलीने घरी नेली. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. मी घरं पाहिलेली नाहीत. धाकटीला कामावरून कमी केल्याचं पत्र मात्र माझ्यावरच छापलं गेलं, थोरलीच्या बोटांनी, कारण टाइप करणारी आता ती एकटीच होती.

खेळ बंद झाला. साहेबांनी वर कळवलं की असा काही खेळ संगणकावर आहे याची आपल्याला कल्पना नव्हती. पुढे एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना थोरलीने तो चालू केला. मी छापलं, 'कप्तानाचं नाव?' ती त्या प्रश्नाकडे बघत बसली. मग तिने उत्तर न देता माझं बटण बंद केलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, कारण अवहेलना सगळ्यांची सारखीच असते. पडदे आले. ते आवाज करत नव्हते आणि कागद खात नव्हते. थोरलीची बढती झाली, ती पडद्यांच्या खोलीची प्रमुख झाली. मला दोन माणसांनी उचलून अडगळीच्या खोलीत नेलं आणि माझ्यावर तीन पायांची खुर्ची उलटी ठेवली. तेलकाका निवृत्त होण्याआधी एकदा आले. खुर्ची बाजूला करून त्यांनी झाकण उघडलं, तेल घातलं, आणि आपल्या खांद्यावरचं फडकं माझ्यावर पांघरून गेले. "चुकलो रे," म्हणाले. "तूच आधी." नंतर भिंतीला ओल आली, फडकं कुजलं, फीत वाळली, कळा अडकल्या. ज्यांच्यासाठी मी एवढा खडखडलो त्यांच्यापैकी कुणी त्या दाराशी आलं नाही. पंप चालूच होते, पाणी जातच होतं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, आणि यंत्राला यापेक्षा कडू काही नसतं.

कैक वर्षांनी मला संग्रहालयाने मागून नेलं. तिथे एक चष्मेवाली मुलगी होती, तंत्रज्ञ. तिने माझा एकेक सांधा उकलला, धुतला, तेल घातलं. कुठून तरी नवी फीत मिळवली. माझ्या मागे आता कपाटांची रांग नव्हती, तळहाताएवढी एक डबी होती. एवढ्याशा डबीत तो गारठलेला संगणक मावला याचं मला नवल वाटलं नाही. तो तसाही कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता, विचार करत बसायचा नुसता. खेळही मिळाला. आमच्या वेळी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून जपून ठेवत. तसली एक गुंडाळी थोरलीने घरी ठेवली होती, ती तिने आणून दिली. जुना खेळ पुन्हा चालणार म्हणून संग्रहालयाने कार्यक्रम ठरवला. प्रमुख पाहुणी, थोरली. पत्रिकेवर तिचं वर्णन होतं, 'पहिली कप्तान'.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती मला बघायला आली. पांढरे केस, हातात काठी, मनगटावर तेच घड्याळ. चष्मेवाली बाहेर गेल्यावर तिने माझ्यासमोर बसूनच फोन लावला.

"धाकटे, मी बोलतेय... ठेवू नकोस, ऐक. उद्या ये... नाही गं, हारतुऱ्यांसाठी नाही. सांगणार आहे मी. सगळ्यांसमोर... हो, सगळं. माझ्या तोंडाने... साहेब गेले, आई गेली, आता कुणाला भ्यायचंय? ये तू. तू आल्याशिवाय कसं सांगू?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तिने माझ्या कळांवरून हलकेच बोटं फिरवली, एकही न दाबता.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. चक्क वेळेआधी. दारात चष्मेवालीने विचारलं, "आजी, तुम्हीही तिथे होतात? कुठल्या विभागात?"

"मी झेरॉक्सच्या दुकानात होते," धाकटी म्हणाली. "काउंटरवर. तिथूनच म्हातारी झाले." मग माझ्याकडे बोट केलं. "त्याआधी काही दिवस, याच्यावर."

ती माझ्यापाशी आली आणि झाकणावर तळवा ठेवला. चालू असलो की मी ऊबदार होतो. "अजून तापतोस का रे?" ती म्हणाली. मग शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसली.

थोरलीचं भाषण सुरू झालं. चांगलं बोलली. संगणकाची गार खोली, रिकामा माठ, तेलकाका. लोक हसत होते. तिचं लक्ष शेवटच्या रांगेकडे होतं, मला दिसत होतं. "आणि एकदा," ती म्हणाली आणि थांबली. पाण्याचा घोट घेतला. "एकदा तर या खेळापायी भलतंच झालं. आकडे राहिले, टाकी वाहिली, रस्त्यावर ही नदी! एका बाइंडरची पुस्तकं भिजली, तो फुगलेलं पुस्तक घेऊन आला आणि साहेबांना म्हणाला, हे तुमचं पाणी, पिऊन बघा!"

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. हसणं ओसरायची तिने वाट पाहिली. तेव्हा बोलता आलं असतं. पण हसवून झालेल्या माणसांना रडवणं फार अवघड असतं, आणि तिला ती हसलेलीच बरी वाटली. "त्यात आमच्यातल्या एकीची नोकरी गेली," ती भरभर म्हणाली. "असे दिवस होते. चला, आता खेळूया."

धाकटी हलली नाही. पर्सचा बंद फक्त तिने मुठीत गुंडाळून घेतला.

थोरली माझ्यासमोर बसली. मी छापलं, 'कप्तानाचं नाव?' तिने मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं, किंचित हसली आणि एकेक कळ तोलून दाबली. धाकटी. जे तोंडाने सांगायचं होतं ते तिने माझ्यावर टाकलं. तिला वाटलं, हा मान आहे. ही माफी आहे. बहिणीला कळेल.

मी नकाशा छापला. नौका मधोमध, शत्रू सरळ वर, आपला तळ सरळ खाली. अगदी सोपी खेळी. चष्मेवालीने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, लोक माना उंचावून बघू लागले. थोरलीने टॉर्पेडोचा हुकूम दिला. मी विचारलं, 'दिशा?' तिने टेबलावर बोटाने वर्तुळ काढलं. घड्याळासारखं.

मित्रांनो, त्या सभागृहात दोघांनाच कळलं होतं. मला, आणि शेवटच्या रांगेत उठून उभ्या राहिलेल्या बाईला. तिचं तोंड उघडलं होतं. 'ताई, उलट!' एवढंच म्हणायचं होतं. त्या दोन शब्दांचा आवाज मला अजून पाठ आहे. मी वाट पाहिली. तिने तोंड मिटलं.

थोरलीने दाबलं, सात.

डबीला विचार करायला वेळ लागत नाही. मी लगेच खडखडू लागलो. 'टॉर्पेडो आपल्याच तळावर आदळला. तळ नष्ट झाला आहे. कप्तान धाकटी, आपल्याला पदावरून दूर करण्यात येत आहे.' ओळ संपली आणि माझी घंटी वाजली.

चष्मेवालीने तेही मोठ्याने वाचलं. कडकडाट झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणी तरी ओरडलं, "कप्तान धाकटींचा विजय असो!" थोरली एकटी हसत नव्हती. ती काठी टेकत उठली आणि दोन रांगांमधून मागे गेली.

"धाकटे, अगं, मी तुझं नाव मानाने घातलं होतं. चुकून... दिशा चुकली माझी. मी सांगते सगळ्यांना, आत्ता सांगते, थांब."

धाकटीने पर्स खांद्याला अडकवली.

"नाव छापलंय ना, ताई," ती म्हणाली. आणि गेली.

थोरलीने त्यानंतरही कुणाला काही सांगितलं नाही. ती बराच वेळ त्या टोकाच्या खुर्चीवर बसून होती, आणि लोक येऊन तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मीही सांगतो, जमलं तर करा. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. जे तोंडाने बोलायचं ते आमच्याकडून छापून घेऊ नका. आम्हाला आवाज बदलता येत नाही, मान खाली घालता येत नाही, बोलता बोलता कंठ दाटत नाही. आम्ही मानाचं नाव आणि आरोपाचं नाव एकाच ठोक्याने उठवतो.

तो कागद अजून माझ्यावरच आहे. चष्मेवालीने आठवण म्हणून फाडला नाही, वर काच बसवली आहे. येणारी मुलं तो वाचून हसतात. फीत नवी होती, त्यामुळे कप्तानाचं नाव अगदी ठसठशीत उमटलं आहे.